सहल कोणाची?

आठवड्यातून एक दिवस विसावा मिळावा, ही गोष्ट आज आपणांस सूर्योदयाइतकी स्वाभाविक वाटते. परंतु मुंबईच्या गिरणीकामगारांस ती आपोआप मिळालेली नाही. नारायण मेघाजी लोखंडे यांनी वर्षानुवर्षे अर्ज, सभा व खटपटी केल्या, तेव्हा कोठे १८९० च्या जून महिन्यात गिरणीमालकांनी रविवारची सुटी मान्य केली. पुढे १३० वर्षांनी, २०२० च्या फेब्रुवारीअखेरीस, राज्य शासनाच्या कचेऱ्यांस प्रत्येक शनिवारची सुटीही लागू झाली. अशा रीतीने पुष्कळ पालकांच्या पदरी सलग दोन दिवस पडले आहेत. ज्यांच्या घरी चार-सहा वर्षांची मुले आहेत, ते या दोन दिवसांचे काय करतात, याविषयी काही लिहावे असे आमच्या मनात बरेच दिवस होते.

सुटीनंतर पाचवी-सहावीच्या वर्गांस आम्ही ‘आमची सहल’ हा विषय निबंधास देत असतो. वह्या तपासताना असे दिसते की, ज्या मुलाने दोन दिवसांत सात ठिकाणे पाहिली त्याचा निबंध बहुधा एस्. टी.च्या वेळापत्रकासारखा असतो : इतके वाजता निघालो, इतके वाजता पोहोचलो, जेवलो, फोटो काढले, पुन्हा निघालो. उलट एका विद्यार्थिनीने मामाच्या मळ्यातील विहिरीवर लोंबणाऱ्या सुगरणीच्या घरट्यांविषयी दोन पाने भरून लिहिले होते. काही घरटी अर्धीच विणून का टाकलेली आहेत, असा प्रश्न तिने शेवटी विचारला होता. त्याचे उत्तर शोधावयास आम्हांसच पुस्तक उघडावे लागले. (नर अर्धे घरटे विणतो आणि मादीस ते पसंत पडले तरच पुरे करतो.) त्या मुलीची सहल कोणत्याही प्रेक्षणीय स्थळी गेली नव्हती.

मोठ्या माणसाची सहल ठिकाणांची असते, लहान मुलाची सहल वस्तूंची असते. बापास किल्ला पाहावयाचा असतो. चार वर्षांच्या मुलास किल्ल्याच्या वाटेवरील मुंगळा पाहावयाचा असतो. अशा वेळी “चल, उशीर होतो,” असे म्हणून आपण त्यास ओढून नेतो, आणि पुढे तेच मूल गाडीत रडू लागले म्हणजे “इतका खर्च करून आणले, तरी याचे आपले रडगाणे चालूच!” म्हणून त्याजवर रागावतो. रडण्याचे कारण बहुतकरून भूक, झोप किंवा ऊन यांपैकी एक असते, हे प्रत्येक आईस ठाऊक असते; पण कार्यक्रम आखताना तिला विचारतो कोण? शनिवारी शिर्डी व शिंगणापूर, रविवारी रणगाड्यांचे संग्रहालय, चांदबिबीचा महाल आणि सायंकाळी निघोज, असा बेत आखणारे पालक आम्हांस भेटलेले आहेत. यांपैकी एकही स्थळ वाईट नाही. परंतु हा बेत घोड्यावर बसलेल्या हरकाऱ्याचा आहे, लेकुरवाळ्या कुटुंबाचा नव्हे.

यांतील एकच ठिकाण घेऊन पाहू. आमचे शहर २०२४ साली अहिल्यानगर झाले असले तरी जुन्या माणसांच्या तोंडी अद्याप नगरच आहे. त्याच्या पूर्वेस पाथर्डी रस्त्याला शहाडोंगरावर काळ्या दगडाची तीन मजली इमारत उभी आहे. लोक तीस चांदबिबीचा महाल म्हणतात. वस्तुतः ती निजामशाहीचा वजीर दुसरा सलाबतखान याची कबर होय. इमारत अष्टकोनी आहे. आता ‘अष्टकोन’ हा शब्द फळ्यावर शिकविण्यास आम्हांस एक तास लागतो व तरीही तो निम्म्या वर्गास कळत नाही. तेच मूल तेथे भिंतीस हात लावून बाजू मोजीत फिरू लागले की पहिल्या फेरीस नऊ म्हणते, दुसरीस सात. मग आपण कोठून आरंभ केला ते कळावे म्हणून एका कोपऱ्यात स्वतःची चप्पल काढून ठेवते आणि तिसऱ्या फेरीस आठ म्हणून ओरडते. एवढ्यास अर्धा तास जातो. तो अर्धा तास खर्चावयास बापाची तयारी पाहिजे. त्याहून थोडे मोठे मूल विचारील, “कबर सलाबतखानाची, तर नाव चांदबिबीचे का?” त्यास १५९५-९६ चा मोगलांचा वेढा व चांदबिबीने केलेले किल्ल्याचे रक्षण तेथेच खाली शहराकडे बोट दाखवून सांगता येते. सोबतच्या दशम्या, शेंगदाण्याची चटणी व केळी वाऱ्यावर बसून खावी आणि ऊन चढण्यापूर्वी खाली उतरावे. एवढी सहल एका दिवसास पुष्कळ झाली.

पारनेर तालुक्यातील निघोजचे मात्र वेगळे आहे. तेथे कुकडी नदीच्या पात्रातील काळ्या कातळात मोठमोठे रांजणखळगे पडलेले आहेत. पुराच्या पाण्यात भोवऱ्याबरोबर गोटे गरगरत राहतात व हजारो वर्षे कातळ घाशीत घाशीत असे खळगे कोरतात. दहा वर्षांच्या मुलास भूगोलाचा याहून उत्तम धडा मिळणे कठीण. परंतु तीन वर्षांच्या मुलास घेऊन तेथे जाणाऱ्या आईबापांचे सारे लक्ष त्याचा हात घट्ट धरण्यातच जावे. कडा निसरड्या असतात व खळग्यांतील पाणी खोल असते. धाकटे मूल मोठे होईपर्यंत निघोज कोठे पळून जात नाही.

आता एक गोष्ट जरा स्पष्टच लिहितो. पितृवर्गाने रागावू नये. सहलीच्या दिवशी घरातील सर्वांत आधी कोण उठते? पहाटे चारला उठून डबे भरावयाचे, मुलांस उठवून न्हाऊ घालावयाचे, जादा कपडे व औषधे बांधावयाची, तेथे सर्वांस वाढावयाचे आणि रात्री परतल्यावर तीच भांडी घासावयाची, ही आईची सुटी! लोखंड्यांनी मिळविलेला विसावा गिरणीच्या दारातून घरी आला, तो स्वयंपाकघराच्या उंबरठ्याशी अडखळला, असे म्हणावयाची वेळ येते. बापाने आदल्या रात्री कणीक मळली किंवा डबे घासले तर त्याचा मान कमी होत नाही. आठवी-नववीतील विद्यार्थ्यांसही हे लागू आहे. धाकट्या भावंडाचे पाय दुखू लागले म्हणजे त्यास खांद्यावर घेणे हे तुमचे काम. त्या वेळी मोबाइलमध्ये तोंड खुपसून मागे राहू नये. छायाचित्रे दोन-चार पुरेत.

ज्यांस शनिवार मोकळा नाही, दुकान किंवा रिक्षा चालवून ज्यांस रविवारची सायंकाळच काय ती मिळते, त्यांनी मुलांविषयी मनात खंत बाळगण्याचे कारण नाही. रविवारच्या उपासनेनंतर मुलाचे बोट धरून नदीकाठापर्यंत गेले व ते थांबेल तेथे थांबले, तर लहान मुलाच्या हिशेबी ती सहलच. येण्याजाण्याचे भाडेही पडत नाही.

येत्या सुटीनंतर निबंधाचा विषय आम्ही बदलणार आहो. कोणती ठिकाणे पाहिली ते लिहू नये. घरातील सर्वांत लहान मूल सहलीत कोठे थांबले, काय पाहत होते व त्या वेळी आई काय करीत होती, एवढेच एका पानात लिहून आणावे.