गावाचं नाव कुणाच्या बापाचं?



डोमेन नावांच्या पळवापळवीवरचा मंगळवारच्या अंकातला लेख वाचला. लेखकाने सगळ्यांना एकाच दावणीला बांधलं आहे. दोन कंपन्या एक होणार असा वास लागताच ‘जिओहॉटस्टार’ नाव घेऊन ठेवायचं आणि २०२४ मध्ये त्या बदल्यात केंब्रिजच्या शिक्षणाची फी मागायची, हा सरळ सौदा होता. त्याची वकिली मी करणार नाही. १९९९ साली ‘रेडिफ’चं एक अक्षर बदलून ‘रॅडिफ’ काढणाऱ्यांना मुंबई उच्च न्यायालयाने रोखलं, तेही बरंच झालं. पण स्वतःच्या फाटकावरचं नाव इंटरनेटवर लावणाराही त्याच माळेचा मणी?

किहीमला आमच्या वाडीत पाहुण्यांसाठी चार खोल्या आहेत. नाव साधं, गावाचं नाव आणि पुढे ‘वाडी’. फाटकावरची पाटी सत्तावीस वर्षांची आहे. मुलीने नऊ वर्षांपूर्वी तेच नाव ‘डॉट इन’ लावून घेतलं. गेल्या आठवड्यात पोस्टमन स्पीड पोस्टाचं पाकीट देऊन गेला. आत अकरा पानांची इंग्रजी नोटीस. इथे बंगले बांधायला निघालेल्या एका कंपनीच्या ब्रँडशी आमच्या नावाचं म्हणे ‘फसवं साधर्म्य’ आहे. सात दिवसांत नाव आमच्या स्वाधीन करा, नाहीतर नुकसानभरपाईला तयार राहा. बायको वाल सोलत बसली होती. तिने पाकीट उलटंपालटं केलं आणि म्हणाली, “अहो, पण हे आलं कुठल्या पत्त्यावर?” पाकिटावर ठळक टाइपात आमच्या वाडीचंच नाव होतं, खाली मु. पो. किहीम, ता. अलिबाग. जे नाव आमचं नाही, त्याच नावाने पाकीट बिनचूक दारात आलं!

माझा खरा राग एका शब्दावर आहे. डोमेन नावांच्या वादांसाठी १९९९ पासून जो जागतिक नियम आहे, त्यात तक्रारदाराला तीन गोष्टी दाखवाव्या लागतात. नावं सारखी आहेत, समोरच्याचा नावावर हक्क नाही, आणि त्याने ते वाईट हेतूने घेतलं ‘आणि’ वापरलं. आपल्या ‘डॉट इन’चा कारभार पाहणाऱ्या निक्सीच्या नियमात या तिसऱ्या अटीत ‘आणि’ नाही, ‘किंवा’ आहे. वाईट हेतूने घेतलं ‘किंवा’ वापरलं! म्हणजे नऊ वर्षांपूर्वी मुलीने सरळ मनाने नाव घेतलं तेव्हा ही कंपनी किहीमच्या नकाशावरही नव्हती, पण तेवढ्याने भागत नाही. आजच्या वापरात खोट काढता आली की झालं. दुसऱ्या अटीवर आपण तरू, असं वकील म्हणतात. असेलही. पण परदेशी डॉट कॉमवाल्याला जेवढं संरक्षण, तेवढंही देशी डॉट इनवाल्याला का नसावं? हा ‘किंवा’ कुणाच्या सोयीसाठी घातला?

ट्रेडमार्क कायद्याचं कलम ३५ सांगतं की स्वतःचं नाव किंवा धंद्याच्या जागेचं नाव प्रामाणिकपणे वापरणाऱ्याला अडवता येत नाही. कलम १४२ प्रमाणे बिनबुडाच्या धमकीविरुद्ध आपणही दावा लावू शकतो. मात्र कंपनीने खरोखर दावा ठोकून तो नेटाने चालवला की १४२ची हवा गेली. शिवाय कायद्याने तिला स्वतःच्या दाराशी, म्हणजे मुंबईत, दावा लावायची मुभा आहे. पावसाळ्यात मांडव्याच्या लाँचा बंद झाल्या की तारखेला वडखळचा वळसा कुणी घालायचा? शब्दावरच्या हक्काचं म्हणाल, तर ‘शादी’सारख्या रोजच्या शब्दावरून ‘सेकंडशादी’ या संकेतस्थळाला तातडीची मनाई करायला २०१६ मध्ये उच्च न्यायालयाने नकार दिला. ‘किहीम’ तर आख्ख्या गावाचं नाव. पांढऱ्या कांद्याला २०२२ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, ते अलिबाग तालुक्याच्या नावाने. कुणा एका शेतकऱ्याने अलिबाग हे नाव खिशात नाही घातलं.

आणि नावाची एवढीच चाड आहे तर खोट्या बुकिंगवाल्यांना का नाही पाठवत नोटिसा? शनिवारी रात्री दहाला चोंढी नाक्यावर गाडी थांबवून लोक नसलेल्या बंगल्याचा पत्ता विचारतात. मागे पोरं झोपलेली, मोबाइलवर भलत्याच कुणाच्या तरी तलावाचा फोटो, आगाऊ पैसे गेलेले. गेल्या मे महिन्यात असे दोघे आमच्या फाटकाशी आले. एका कुटुंबाला पडवीत गाद्या घालून दिल्या. अलिबागच्या इंग्रजी स्पेलिंगात ‘यू’ घालायचा की नाही यावरच आमचं एकमत नाही, त्यामुळे भामट्यांना नावांचा तोटा नाही. २०२० मध्ये हिंदुस्थान युनिलिव्हर अशाच बनावट नावांविरुद्ध मुंबई उच्च न्यायालयात गेली, तेव्हा नावनोंदणी यंत्रच करतं, मागे माणूस बसलेला नसतो, हे निकालातच आलं. मग भामटा पकडायला माणूस नाही, आणि आम्हाला अकरा पानं लिहायला वकिलांची फौज आहे!

सात दिवसांपैकी आज पाचवा. उत्तर मराठीत लिहून कालच स्पीड पोस्टाने पाठवलं. पाठवणाऱ्याच्या पत्त्यात वाडीचं नाव मुलीने लाल शाईने लिहिलं आहे.

– एक वाचक, किहीम (ता. अलिबाग)