कोळशाला पर्याय एकट्याचा नव्हे

मुरगाव बंदरात उतरणारा कोळसा बल्लारी पट्ट्यातील पोलाद कारखान्यांकडे जातो. धूळ मात्र वास्कोच्या वाट्याला येते. यावर गोव्यात आंदोलने पुष्कळ झाली, पण भट्टीला कोळशाऐवजी काय द्यायचे, हा प्रश्न मागेच राहिला.

स्वीडनमध्ये २०१६ साली खाण कंपनी ‘एलकेएबी’, वीज कंपनी ‘व्हॅटनफॉल’ आणि पोलाद उत्पादक ‘एसएसएबी’ यांनी मिळून ‘हायब्रिट’ प्रकल्प हाती घेतला. लोहखनिजातील ऑक्सिजन कोकऐवजी हायड्रोजनने काढला, तर कार्बन डायऑक्साइडऐवजी पाण्याची वाफ निघते. २०२१ मध्ये असे पहिले पोलाद व्होल्वोकडे पोहोचलेही. मेख आहे ती भागीदारीत. उच्च प्रतीचे खनिज, मुबलक स्वच्छ वीज आणि खात्रीचा ग्राहक यांपैकी एक दुवा निखळला, तर बाकीच्यांची गुंतवणूक अडकून पडते.

आपल्याकडे हीच साखळी गोवा, कर्नाटक आणि केंद्र अशा तीन सरकारांत विभागलेली. गोव्याचे खनिज बहुतांशी कमी प्रतीचे, वीजही बाहेरून येणारी. त्यातच १ जानेवारी २०२६ पासून युरोपीय संघाची कार्बन सीमाकर व्यवस्था पूर्णपणे लागू झाली असून कच्चे लोखंड आणि पोलाद दोन्ही तिच्या कक्षेत येतात. युरोपला माल पाठवणाऱ्यांना या कारणाने तरी एकत्र बसावे लागेल. त्या बैठकीचे बोलावणे मुरगाव पालिकेलाही जायला हवे.