मध्यम बुलडोझरची निवड : अश्वशक्तीच्या आधी साखळी

शेतकरी गट आणि उत्पादक कंपन्या भाडेतत्त्वावरील यंत्रसेवेत आता चांगल्याच रुळल्या आहेत. ट्रॅक्टर, मळणीयंत्र, लेझर लेव्हलर यांचा हिशेब जमला की पुढची नजर बुलडोझरकडे वळते. सपाटीकरण, बांधबंदिस्ती, शेतरस्ते, गाळ पसरविणे अशी कामे गावोगावी असतात आणि हंगामात यंत्र मिळत नाही, हा अनुभव त्यामागे असतो. विचार चुकीचा नाही. परंतु खरेदीच्या वेळी पहिला प्रश्न बहुधा "अश्वशक्ती किती?" असा विचारला जातो आणि तेथूनच हिशेब बिघडू लागतो. या यंत्रासाठी घेतलेले कर्ज ट्रॅक्टरच्या कर्जाच्या कितीतरी पट असते. निवड चुकली तर त्याची झळ संपूर्ण गटाला अनेक वर्षे सोसावी लागते.

मध्यम बुलडोझर म्हणजे ढोबळमानाने १० ते २० टन वजनाचा आणि १०० ते २०० अश्वशक्तीच्या आसपासचा. बीईएमएलचे बीडी ५० व बीडी ६५, कोमात्सुचा डी ६५, कॅटरपिलरचा डी ६ ही या वर्गातील परिचित नावे. त्याहून लहान यंत्र मुरमात व वाळलेल्या काळ्या मातीत लवकर थकते. त्याहून मोठे यंत्र खाणीत शोभते. शेताच्या वाटेवरील पूल आणि बांधांची वळणे त्याला मानवत नाहीत, शिवाय एका शेतातून दुसऱ्या शेतात नेण्याचा खर्चच कामाची मजुरी खाऊन टाकतो. कंत्राटी शेतीकामासाठी मध्यम वर्ग योग्य, याबद्दल फारसे दुमत असू नये. मतभेद आहे तो त्या वर्गातील निवडीच्या निकषांबद्दल.

बुलडोझर ढकलतो तो इंजिनाच्या जोरावर, पण जमिनीवरील पकडीच्या मर्यादेत. कोरड्या, घट्ट चिकणमातीत साखळीला वजनाच्या सुमारे नऊ दशांशाइतका जोर लावता येतो. भुसभुशीत जमिनीत हे प्रमाण सहा दशांशांपर्यंत उतरते. म्हणजे १६ टनांचे यंत्र मोकळ्या मातीत दहा टनांच्या आसपासच ढकलेल, मग इंजिन कितीही बलवान असो. त्यापलीकडची ताकद साखळी जागच्या जागी फिरविण्यात आणि डिझेल जाळण्यात जाते. म्हणून वजन आणि शक्ती यांचा मेळ पाहावा; माहितीपत्रकातील एकट्या अश्वशक्तीच्या आकड्याला भुलू नये.

खरा खर्च दडलेला असतो तो यंत्राच्या तळाशी. साखळी, पट्ट्या (शू), रोलर, आयडलर, स्प्रॉकेट, पिना आणि बुश या सगळ्या भागांना मिळून अंडरकॅरेज म्हणतात. बुलडोझरच्या आयुष्यभराच्या देखभाल खर्चापैकी निम्म्याच्या आसपास खर्च या एका भागावर होतो, हे या व्यवसायात सर्वमान्य आहे. तरीही शोरूममध्ये चर्चा होते ती केबिनच्या वातानुकूलनाची! जमिनीप्रमाणे झिजेचे स्वरूपही बदलते. राजस्थानातील वाळूचे कण साखळीला कानशीसारखे घासतात आणि वाळू ओली असली तर झीज अधिकच वाढते. विदर्भ, मराठवाडा वा माळव्यातील काळी माती घासत कमी असली, तरी स्प्रॉकेटच्या दात्यांमध्ये ठासून बसते, साखळी ताणते आणि बुश लवकर खाते. अशा भागासाठी मधोमध भोक असलेल्या पट्ट्या घ्याव्यात. चिकटलेली माती त्यातून बाहेर ढकलली जाते. ही मागणी खरेदीच्या वेळीच केली तर किमतीत फारसा फरक पडत नाही.

पट्टीची रुंदी हा तर शेतीच्या दृष्टीने कळीचा मुद्दा. समजा यंत्र १६ टनांचे आहे आणि साखळीची जमिनीवर टेकणारी लांबी २६० सेंटीमीटर आहे. ५१ सेंटीमीटरच्या पट्ट्या असतील तर जमिनीवर दर चौरस सेंटीमीटरला सुमारे ०.६ किलो दाब येतो. वजन तेच धरून पट्टी ७६ सेंटीमीटरची केली, तर तो ०.४ किलोवर उतरतो. भात खाचरांच्या ओलसर जमिनीत हा फरक यंत्र तरते की रुतते हे ठरवितो आणि मातीची घट्टीही कमी होते. म्हणून सरसकट रुंद पट्ट्या घ्याव्यात, असा सल्ला अनेकदा दिला जातो. तो स्वीकारू नये. दगडगोट्यांच्या माळरानावर रुंद पट्टीचे टोक दगडावर टेकून वाकते, बोल्ट सैल होतात, पिना-बुशांवर पिळाचा ताण येतो. जेथे काम करायचे त्या जमिनीत यंत्र तरण्यापुरती रुंदी घ्यावी, त्याहून अधिक नको. गटाचे निम्मे काम खाचरात आणि निम्मे माळावर असेल, तर ज्या कामाचे तास अधिक त्याच्या बाजूने कौल द्यावा.

बहुपयोगीपणा ठरतो तो पात्यावरून. सरळ पाते कठीण जमीन कापायला चांगले. यू आकाराचे पाते मोकळी माती दूरवर न सांडता नेते. कोन करता येणारे पाते बांध घालणे, चर बुजविणे, रस्त्याकडेला माती सारणे यांसाठी सोयीचे. शेतीकामाच्या कंत्राटदाराने एकच पाते घ्यायचे तर कोन व तिरप करता येणारे घ्यावे. त्याची माती वाहण्याची क्षमता थोडी कमी, हे खरे. परंतु शेतात माती लांब ढकलण्याचे काम कमीच करावे. साधारण १०० मीटरपलीकडे बुलडोझरने माती नेणे परवडत नाही, तेथे लोडर आणि टिपरच बरे. मागील बाजूस रिपर मात्र हवाच. मुरमाचा थर पात्याने खरवडत बसण्यापेक्षा आधी रिपरने फोडला, तर डिझेल वाचते आणि पात्याची कडही टिकते.

जुने यंत्र घ्यावे का, हा प्रश्न शेतकरी गटांना नेहमीच पडतो. रस्ते प्रकल्प आणि खाणींतून निघालेली यंत्रे निम्म्याहून कमी किमतीत मिळतात. तासमापकावर विसंबून राहू नये. स्प्रॉकेटचे दाते बोलतात ते अधिक खरे असते. दाते टोकदार झाले असतील आणि मापक तीनच हजार तास दाखवीत असेल, तर एक तर मापक बदलला आहे किंवा यंत्राने खडकात दिवस काढले आहेत. फायनल ड्राइव्हचे तेल काढून त्यात धातूचा कीस आहे का ते पाहावे. इंजिन थंड असताना सुरू करून दाखवायला सांगावे. सपाट जागेवर सरळ चालविले असता यंत्र एका बाजूला ओढते का, हेही तपासावे. नवा रंग लावलेल्या यंत्राची तपासणी तर दुप्पट काळजीने करावी. सुट्या भागांचे दुकान आणि प्रशिक्षित कारागीर किती अंतरावर आहे, हा निकष ब्रँडच्या नावाहून महत्त्वाचा. एप्रिल-मेमध्ये एका सीलसाठी आठ दिवस यंत्र उभे राहिले, तर वर्षाच्या कमाईचा मोठा हिस्सा गेलाच.

हंगामाची मर्यादा हाच या धंद्यातील मोठा अडसर आहे. कोरडवाहू भागात पीक निघाल्यापासून पाऊस येईपर्यंतचे काही महिनेच शेत मोकळे असते. एवढ्या तासांवर हप्ता, विमा, ऑपरेटरचा पगार आणि ताशी १५ ते २५ लिटर डिझेल यांचा मेळ बसणे कठीण. शेतरस्ते, तलावातील गाळ, पूरग्रस्त शेतांवरील वाळू काढणे अशी कामे जोडली तरच यंत्र वर्षभर राबते. २००८ मध्ये कोसी नदीने पात्र बदलल्यावर बिहारमधील शेतांवर वाळूचे थर साचले, तेव्हा हे काम किती प्रचंड असू शकते ते दिसले. ज्या गटाला अशी जोडकामे दिसत नाहीत, त्याने खरेदीचा विचार सोडून भाड्याने यंत्र आणावे. तमिळनाडूत कृषी अभियांत्रिकी विभाग शेतकऱ्यांना तासाच्या दराने बुलडोझर पुरवितो. इतर राज्यांनीही ही सोय गांभीर्याने उभी केली, तर कर्जबाजारी होण्याची पाळी अनेकांवर येणार नाही.

यंत्र टिकावे तशी जमीनही टिकावी. या देशात अवजड यंत्रांनी जमिनी लागवडीखाली आणण्याचा इतिहास जुना आहे. कासाचे गवत माजलेली मध्य भारतातील जमीन मोकळी करण्याच्या यंत्रांसाठी १९४९ मध्ये जागतिक बँकेने भारताला कर्ज दिले होते. चंबळच्या खोऱ्यातील घळीही बुलडोझरने सपाट केल्या गेल्या. मात्र पाण्याच्या निचऱ्याची वाट न आखता केलेले सपाटीकरण पुन्हा वाहून जाते. साध्या शेतातही धोका असाच असतो. वरच्या २० ते ३० सेंटीमीटर थरात सेंद्रिय कर्ब आणि जिवाणू यांचे भांडार असते. उंचवट्यावरील तो थर ढकलून खोलगट भागात टाकला की एका बाजूला उघडा मुरूम उरतो आणि पुढची काही पिके त्या पट्ट्यात पिवळी पडतात.

दराची पद्धत येथे आड येते. तासावर पैसे दिले तर ऑपरेटरला घाई नसते, एकरावर दिले तर माती वाचविण्याची फुरसत नसते. दोहोंत तासाचाच दर बरा, पण एका अटीवर: वरचा थर आधी सोलून बाजूला रचावा, खालची जमीन सपाट करावी आणि मग तो थर परत पसरावा, असे करारात स्पष्ट लिहिलेले असावे. यात यंत्राचे तास वाढतात, हे खरे. ती वाढ शेतकऱ्याला आधीच सांगणे हे विस्तार कार्यकर्त्याचे काम आहे. त्याने शेतात चार-पाच ठिकाणी खड्डे घेऊन थराची जाडी मोजून द्यावी. त्यासाठी कुदळ आणि मोजपट्टी पुरते, आणि यंत्र ट्रेलरवरून उतरण्यापूर्वी ही मापे कागदावर आलेली असावीत.