तेलाखालची झीज

मोटारीचे इंजिन ऑइल बदलताना ग्राहक दर विचारतो, पावती घेतो आणि विषय संपतो. त्या तेलात जस्त आणि फॉस्फरस असलेले एक संयुग मिसळलेले असते. झेडडीडीपी या आद्याक्षरांनी ते ओळखले जाते. १९४०च्या दशकापासून वापरात असलेले हे संयुग धातूवर एक संरक्षक थर तयार करते आणि इंजिनाची झीज रोखते. मात्र हाच फॉस्फरस धुराबरोबर बाहेर पडताना कॅटॅलिटिक कन्व्हर्टर हळूहळू निकामी करतो. १ एप्रिल २०२० पासून भारतात बीएस-६ निकष लागू झाल्यानंतर तर धूर शुद्ध करणाऱ्या यंत्रणेचे आयुष्य हा वाहनमालकाच्या खिशाशी थेट निगडित प्रश्न झाला आहे. झेडडीडीपीला पर्याय हवा, हे सर्वांनाच मान्य आहे. पण ज्याचे कार्य नीट उमगलेले नाही, त्याला पर्याय शोधायचा कसा?

घासणारे पृष्ठभाग तेलात बुडालेले आणि ते प्रत्यक्ष टेकतात ते बिंदू अतिसूक्ष्म, ही खरी अडचण. इंजिन उघडून पाहिले तर घर्षणानंतरचे अवशेष तेवढे हाती लागतात.

ही कोंडी फोडली ती अ‍ॅटॉमिक फोर्स मायक्रोस्कोपने. बिनिग, क्वेट आणि गर्बर यांनी १९८६ मध्ये विकसित केलेल्या या उपकरणात एका लवचिक सूक्ष्म पट्टीच्या टोकाला अणकुचीदार सुई असते. सुई पृष्ठभागावर दाबली की पट्टी वाकते, आडवी सरकवली की पिळवटते. वाकण्यातून दाब कळतो, पिळवटण्यातून घर्षण. आणि या दोन्ही हालचाली पट्टीवरून परावर्तित होणारा लेसर किरण टिपतो. १९८७ मध्येच आयबीएमच्या कॅलिफोर्नियातील प्रयोगशाळेत ग्रॅफाइटवर सरकणारी सुई अणूंच्या अंतराने अडखळत पुढे जाते, हे दिसून आले होते.

हेच मापन द्रवात करण्याचा एक अनपेक्षित फायदा आहे. हवेत सुई आणि पृष्ठभाग यांच्यामध्ये बाष्पाचा सूक्ष्म जलसेतू तयार होऊन सुई खाली खेचली जाते. दोन्ही द्रवात बुडवले की ही ओढ नाहीशी होते. मात्र त्याची किंमतही मोजावी लागते. द्रवात शिरताना प्रकाशकिरण वळतो, त्यामुळे हवेत केलेले अंशांकन द्रवात जसेच्या तसे लागू पडत नाही. शिवाय यंत्र दाखवते ते व्होल्ट. त्याचे नॅनोन्यूटन करायचे तर पट्टी पिळवटायला किती बळ लागते, हे अचूक ठाऊक हवे. दोन प्रयोगशाळांचे आकडे शेजारी ठेवून निष्कर्ष काढणाऱ्यांनी एवढे ध्यानात ठेवलेले बरे. एकाच प्रयोगातील फरक अधिक विश्वासार्ह असतो.

पेनसिल्व्हानिया विद्यापीठात नित्यानंद गोस्वामी, रॉबर्ट कार्पिक आणि सहकाऱ्यांनी नेमका हा फरकच तपासला. ‘सायन्स’मध्ये २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात तापवलेल्या तेलात सुई घासत ठेवून झेडडीडीपीचा थर वाढताना प्रत्यक्ष पाहण्यात आला. थर सलग नव्हे, तर ठिगळाठिगळांनी वाढला आणि विशिष्ट जाडीला थांबला. दाब किंवा तापमान वाढवताच वाढीचा वेग घातांकी पटीने चढला. या थरासाठी लोखंडाची उपस्थिती आवश्यक मानणारी काही प्रारूपे होती. पण सुई आणि पृष्ठभाग या दोहोंत लोखंड नसतानाही थर तयार झाला. म्हणजे रासायनिक क्रियेला चालना देणारा घटक खुद्द दाब होता. पर्यायी रसायनाची पारख करायला यातून एक ठोस कसोटी मिळाली.

अर्थात एक सुई म्हणजे इंजिन नव्हे. इंजिनात असंख्य उंचवटे एकाच वेळी आणि कितीतरी अधिक वेगाने घासतात. या मर्यादेमुळे अभ्यासाचे मोल कमी होत नाही, पण उद्याच पंपावर नवे तेल मिळेल अशी आशाही बाळगू नये.

गोस्वामी पुढे आयआयटी दिल्लीत दाखल झाले. पुण्याच्या आयसरमध्येही नॅनोमीटरच्या फटीत कोंडलेल्या पाण्याचे वर्तन स्वतः बांधलेल्या उपकरणांनी तपासले गेले आहे. जगातील ऊर्जावापरापैकी सुमारे २० टक्के ऊर्जा घर्षणावर मात करण्यात खर्ची पडते, असा होल्मबर्ग आणि एर्देमीर यांचा २०१७चा अंदाज आहे. गरजेच्या ८० टक्क्यांहून अधिक खनिज तेल आयात करणाऱ्या देशात इंधनावरील करांची चर्चा तावातावाने होते. वंगणाच्या संशोधनाचा विषय त्या चर्चेत कधी निघत नाही.