दोरीने गाडी थांबत नाही

सप्टेंबर २०११ मध्ये फॉर्म्युला वनचा माजी विश्वविजेता लुईस हॅमिल्टन बंगळुरूच्या नाइस रोडवर आपली गाडी घेऊन आला, तेव्हा हजारोंची गर्दी लोटली. शर्यत नव्हतीच, नुसते प्रात्यक्षिक होते. पण गरगर फिरणारी गाडी आणि टायरमधून उठणारे धुराचे लोट पाहायला कोणाला आवडत नाही?

मोटारींचे असे खेळ आता शहरांना नवे राहिलेले नाहीत. कुठे विमानांच्या धावपट्टीवर दोन गाड्यांची सरळ रेषेत ‘ड्रॅग रेस’ होते. तिचे पारंपरिक अंतर पाव मैल, म्हणजे सुमारे ४०२ मीटर. सुरुवातीला चालक पुढचा ब्रेक दाबून मागची चाके जागेवरच फिरवतो. हा ‘बर्नआउट’. रबर तापले की रस्त्यावर पकड चांगली बसते, म्हणून तो करतात. प्रदर्शनात मात्र तो केवळ धुरासाठी आणि टाळ्यांसाठी केला जातो.

धोका नेमका इथेच आहे. जागेवर फिरणाऱ्या चाकांची पकड सुटलेली असते. अशा वेळी एखाद्या चाकाने अचानक पकड घेतली, तर गाडी कोणत्या बाजूला झेपावेल हे चालकालाही सांगता येत नाही. आणि ताशी १५० किलोमीटर वेगाची गाडी एका सेकंदात सुमारे ४२ मीटर कापते. ‘बाळा, बाजूला हो’ म्हणेपर्यंत ती अंगावर आलेली असते.

अमेरिकेतील सेल्मर गावात १६ जून २००७ रोजी मुलांच्या मदतीसाठी मोटारींचा मेळा भरला होता. रस्त्यावर बर्नआउट करताना गाडी गर्दीत घुसली आणि सहा जणांचा बळी गेला. चालक नवशिका नव्हता, व्यावसायिक ड्रॅग रेसर होता. गर्दी उभी होती तिथे कठडा मात्र नव्हता. टेक्सासमधील केरव्हिल येथे ऑक्टोबर २०२१ मध्ये धावपट्टीवरील शर्यतीत एक गाडी भरकटून प्रेक्षकांवर आदळली. त्यात सहा आणि आठ वर्षांची दोन मुले दगावली.

आपल्याकडेही सप्टेंबर २०१९ मध्ये राजस्थानात बाडमेरजवळ रॅलीसाठी बंद केलेल्या रस्त्यावर एक मोटारसायकल शिरली. शर्यतीच्या गाडीच्या धडकेत पती, पत्नी आणि त्यांचा मुलगा जागीच गेले. मार्ग बंद केल्याचे जाहीर करणे पुरेसे नसते; त्यावर कोणी येणार नाही, हेही पाहावे लागते.

बैलगाडा शर्यतीत घाटाच्या कडेला दाटीने उभे राहण्याची आपली सवय जुनी आहे. मोटारींपुढे ती कामाची नाही. दोरी, बांबू किंवा प्लॅस्टिकची फीत माणसांना अडवते, गाडीला नाही. गाडीला अडवायला काँक्रीटचा भक्कम कठडा आणि त्यामागे मोकळी जागा हवी.

म्हणून मुलांना घेऊन जाण्याआधी चौकशी करावी. आपल्या देशात मोटार शर्यतींचे नियमन फेडरेशन ऑफ मोटर स्पोर्ट्स क्लब्ज ऑफ इंडिया ही संस्था करते. तिची मान्यता आहे का? रुग्णवाहिका आणि अग्निशमनाची सोय आहे का? कठडा अर्ध्यातच संपत असेल, तर त्याच्या पुढे उभे राहू नये. शर्यतरेषेच्या पलीकडे, गाड्या वेग कमी करतात तिथेही नको. फोटोसाठी कठड्यावर चढू नये. लहान मुलांच्या कानांना संरक्षण द्यावे.

रात्री विमानतळाच्या रस्त्यावर पोरांनी लावलेल्या शर्यतींना तर बघेही जाऊ नयेत. मोटार वाहन कायद्याच्या कलम १८९ नुसार परवानगीशिवाय सार्वजनिक ठिकाणी शर्यत लावणे गुन्हा आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर पहिल्या गुन्ह्याला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही होऊ शकतात. बघ्यांची गर्दी नसेल, तर या पोरांचा अर्धा उत्साह आपोआप मावळेल.

हौस जरूर करावी. मात्र मैदानात शिरताच नजर गाडीकडे नव्हे, आधी कठड्याकडे जावी. तो दिसला नाही, तर मुलाचे बोट धरून खुशाल परत फिरावे. मूल रुसेल, पण घरी सुखरूप पोहोचेल.