टर्बो, भाचा आणि तिसरी लॅप

परवा रात्री साडेअकराला भाच्याचा फोन. एवढ्या रात्री फोन म्हटल्यावर आधी धस्स झालं, पण स्वारी भलतीच खुशीत होती. "मामा, गाडी ठरली!"

गाडी म्हणजे ऑफिसला न्यायची नव्हे. दोन वर्षं साठवलेल्या पैशातून एक जुनी गाडी घ्यायची, मागच्या सीटा काढून टाकायच्या आणि वर्षातून तीन-चारदा कोइमतूरच्या करी ट्रॅकवर नेऊन पळवायची असा साहेबांचा बेत आहे. (ताईला फक्त 'ऑफिससाठी गाडी' एवढंच सांगितलं होतं. हे वाचून बाकीचंही कळेल. सॉरी रे.)

आता ठरलेली गाडी कोणती? फोक्सवॅगन पोलो जीटी टीएसआय. आपल्या चाकणलाच बनलेली. १.२ लिटरचं टर्बो इंजिन, १०५ पीएस. आणि घेतल्या घेतल्या रीमॅप करायचं, म्हणजे ईसीयूमधलं सॉफ्टवेअर बदलून बूस्ट वाढवायचा. मी गेले सहा महिने सांगत होतो की २००८ ते २०१३ मधली होंडा सिटी बघ. १.५ लिटर, ११८ पीएस, टर्बो-बिर्बो काही नाही. त्यावर उत्तर काय, तर "मामा, ती काकालोकांची गाडी आहे."

तर हे पोस्ट त्या वाक्याला उत्तर म्हणून.

नातेवाईक मंडळींसाठी आधी थोडक्यात. साधं इंजिन स्वतःच्या दमाने हवा आत ओढतं. टर्बो म्हणजे एक पंखा. बाहेर जाणाऱ्या गरम धुराच्या जोरावर तो मिनिटाला दीड-दोन लाख फेरे फिरतो आणि हवा दाबून इंजिनात कोंबतो. जास्त हवा, जास्त पेट्रोल, जास्त ताकद. कल्पना झकासच आहे. रस्त्यावर टर्बो गाडी चालवायला मजा येते हे मीही मान्य करतो. खंबाटकी चढताना ट्रकला ओव्हरटेक करायचं तर टर्बोसारखं सुख नाही.

पण का नाही, ते बघा. पोलोचा पूर्ण टॉर्क, १७५ एनएम, १५०० आरपीएमलाच हजर होतो आणि साधारण चार हजारांपर्यंत टिकतो. सिटीचा १४६ एनएम, तोही ४८०० ला. कागदावर सिटी हरली. आता सांगा, ट्रॅकवर १५०० आरपीएमवर कोण गाडी चालवतं? तिथे काटा साडेचार ते साडेसहा हजारांच्या मध्येच नाचत असतो. छोटा टर्बो जिथे धापा टाकायला लागतो, नेमका तिथे! सिटीची कमाल ताकद ६६०० ला येते. म्हणजे भाचा पैसे मोजणार खालच्या ताकदीचे आणि गाडी पळवणार वर. घर तळमजल्यावर घेऊन लिफ्टचा मेंटेनन्स भरण्यासारखं झालं हे.

दुसरी गोष्ट उष्णता, आणि माझं खरं भांडण इथे आहे. हवा दाबली की तापते, सायकलच्या पंपाचं टोक हात लावून बघा. बाहेर ३५ अंश असताना एक बार बूस्ट दिला तर टर्बोतून निघणारी हवा १३० अंशांच्या आसपास जाते. इंटरकूलर तिला गार करतो, पण तो स्वतःच तापला की काय करणार? हवा गरम, म्हणजे नॉकिंगची भीती. मग ईसीयू स्पार्क मागे घेतो, बूस्ट कापतो आणि विकत घेतलेले ते जादा घोडे तबेल्यात जाऊन झोपतात. उन्हाने बिनटर्बो इंजिनाचाही दम थोडा कमी होतो, नाही असं नाही. पण पहिल्या लॅपला आणि दहाव्या लॅपला ते तेच इंजिन असतं.

हे पुस्तकी बोलत नाहीये. काही वर्षांपूर्वी एप्रिलमध्ये (एप्रिल! आमची अक्कल बघा) एका मित्राबरोबर चेन्नईजवळच्या ट्रॅकवर गेलो होतो. त्याची रीमॅप केलेली टर्बो गाडी, कुठली ते सांगत नाही कारण तो अजून मित्र आहे. पहिली लॅप अफलातून. दुसरी ठीक. तिसऱ्या लॅपला खेच गायब, टेम्परेचरचा काटा वर. वीस मिनिटांच्या सेशनमधली सहा मिनिटं चालवून आम्ही पिटमध्ये बॉनेट उघडून वारा घालत बसलो. पुढच्या सेशनला त्याने इरेला पेटून चालवली. वळणाच्या मध्यावर पाय दाबला, काही नाही. अजून दाबला. मग सगळं एकदम आलं, चाकं अजून वळलेलीच, पुढच्या टायरांनी पकड सोडली आणि गाडी सरळ मातीत. लागलं कोणाला नाही. पण ताशी ८० ला अर्धा सेकंद म्हणजे ११ मीटर असतात, आणि तेवढ्या अंतरात पायाचं आणि गाडीचं काहीही नातं नव्हतं. नवशिक्याने शिकायचं काय मग? वाट बघायला?

भाच्याचा हुकमी एक्का: "मामा, फॉर्म्युला वनमध्येसुद्धा टर्बोच आहे."

आहे की. १९७७ मध्ये रेनोने पहिली टर्बो गाडी उतरवली तेव्हा ती इतकी धूर सोडत बंद पडायची की इंग्रजांनी तिला पिवळी किटली म्हटलं. जिंकायला १९७९ उजाडलं. २०१४ ला टर्बो परत आले ते सोबत एक खास विजेची मोटर घेऊन. एमजीयू-एच तिचं नाव, आणि टर्बोचा पंखा वेळेआधी फिरवून तो उशीर मारणं हे तिचं एक मोठं काम. एवढी महागडी की २०२६ च्या नियमांत ती काढूनच टाकली. भाच्याकडे आहे का तशी मोटर? आणि पोर्शचं काय? साध्या ९११ कॅरेराला त्यांनी २०१५ पासून टर्बो लावला, पण ट्रॅकसाठी म्हणून विकतात ती जीटी३ अजून बिनटर्बोच, ४ लिटर, ९००० आरपीएम. त्यांना टर्बो परवडत नाही म्हणून?

पुढचा एक्का, २०१२ च्या पोलो आर कपमध्ये १.४ लिटरची १८० पीएसची टर्बो इंजिनं होती. होती ना, पण त्या गाड्या कंपनीने बांधलेल्या, सांभाळायला कंपनीची माणसं. ड्रायव्हरने यायचं, हेल्मेट घालायचं, चालवायची. आपल्या पोरांनी स्वतःच्या खिशातून रेसिंग केलं ते वर्षानुवर्षं एस्टीम आणि सिटीवर. फॉर्म्युला एलजीबीलाही मारुतीचं बिनटर्बो इंजिनच आहे.

एक मान्य करतो. नोएडाच्या बुद्ध सर्किटवर, जिथे एक किलोमीटरच्या वर सरळ रस्ता आहे, तिथे ताकदवान टर्बो गाडी माझ्या लाडक्या सिटीला धूळ चारेल. पण करी जेमतेम २.१ किलोमीटरचा, वळणच वळण. आणि रीमॅप करून सरळ रस्त्याच्या शेवटी १२५ ऐवजी १४० ने पोचलास, तरी ब्रेकना पंचवीस टक्के जास्त ऊर्जा गिळावी लागते बाबा. रीमॅपचे पैसे आधी ब्रेक पॅड, ब्रेक फ्लुइड आणि टायरवर घाल. पुण्याहून हजाराहून जास्त किलोमीटर जायचं, तिथे दिवसभरात मोजून तास-दीड तास ट्रॅक मिळणार, तो बॉनेट उघडून घालवायचा का?

शिवाय त्या १.२ जीटीमध्ये मॅन्युअल गिअरबॉक्स नव्हताच. यावर तर मी बोलतच नाही.

काल हे सगळं फोनवर ऐकवलं. बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "चिंचवडला एक २०११ ची सिटी आहे, पांढरी. काकालोकांचीच आहे, खरंच एका काकांची." रविवारी बघायला जातोय दोघं. ताईही येते म्हणाली, तिला मागच्या सीटा बघायच्या आहेत.