अळी व्हर्सेस बॅक्टेरिया

सकाळी साडेनऊला स्वारगेटच्या मेट्रो स्टेशनातून बाहेर पडणारी गर्दी बघा. जीन्स, कुर्ते, फॉर्मल शर्ट... बराचसा कॉटनचाच मामला. पण याच कापसावर एक अळी आणि एक बॅक्टेरिया यांची वीसेक वर्षं मॅच चालू आहे, आणि स्कोअर आपल्याला ठाऊकच नसतो!

एका बाजूला गुलाबी बोंडअळी. बोटाच्या पेराहून लहान. अंड्यातून निघाली की लगेच बोंडात घुसते आणि आतली सरकी खात बसते. बाहेरून फवारलेलं औषध तिच्यापर्यंत पोचतच नाही.

दुसऱ्या बाजूला मातीतला जिवाणू, बॅसिलस थुरिंजिएन्सिस उर्फ बीटी. त्याचं हत्यार म्हणजे प्रोटीनचा स्फटिक. अळीच्या पोटातल्या अल्कलाइन रसात तो विरघळतो, आतड्याला भोकं पाडतो, खेळ खलास. आपल्या पोटात असतं ॲसिड, आणि त्या प्रोटीनला चिकटायला आतड्यात जागाही नसते. म्हणून आपण सेफ.

2002 मध्ये बीटीचं जीन घातलेल्या कापसाला भारतात परवानगी मिळाली, 2006 मध्ये दुसरं जीन आलं. पहिला हाफ बीटीचा. पण बॉस, स्वारगेट चौकात एक रस्ता बंद केला की रिक्षावाला बोळ शोधतोच ना? ज्या थोड्या अळ्या वाचल्या, त्यांचीच प्रजा वाढली. 2017 मध्ये विदर्भातली बोंडं आतून पोखरलेली निघाली. त्याच हंगामात यवतमाळ जिल्ह्यात कीटकनाशक फवारताना विषबाधा होऊन वीसच्या आसपास शेतकरी-शेतमजुरांचा जीव गेला.

यावर तोड होती. बीटी बियाण्यासोबत साध्या कापसाचं 120 ग्रॅमचं पाकीट यायचं. ते कडेने पेरलं की साध्या अळ्या तिथे जगतात, चिवट अळ्यांच्या पतंगांशी त्यांचे पतंग जुळतात आणि चिवटपणा पातळ होतो. पण दोन-तीन एकरवाला माणूस अळीसाठी पीक कुठून सोडणार? पाकिटं बहुतेक ठिकाणी पडून राहिली. अमेरिकेत ॲरिझोनाच्या शेतकऱ्यांनी मात्र हा नियम पाळला, पुढे त्याच्या जागी नसबंदी केलेले पतंग सोडले गेले. 2018 मध्ये अमेरिकेच्या कापूस पट्ट्यातून ही अळी हद्दपार झाल्याचं जाहीर झालं.

मग हुशार कोण? खरं तर दोघंही. मातीतला बीटी पिढी दर पिढी बदलत असतो, तशीच अळीही. कापसात कोंडलेला बीटी मात्र आपण 2006 च्या व्हर्जनवर थांबवला. अळीचं अपग्रेड दर हंगामात चालूच आहे, आणि त्याचं बिल आपल्याला नाही, यवतमाळला येतं.